तिरपं तेल

मधुमामांची जीप सांगलीहून दारात आली त्या दिवसापासून संयोगिताचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. भाकरी थापतानाही तिचं लक्ष खिडकीबाहेर. सासूबाई, विजयमालाबाई, म्हणायच्या, "अगं, तव्याकडं बघ. जीप काय पळून चालली न्हाई." आणि स्वतःच हसायच्या, कारण त्याही येता-जाता पदरानं बॉनेटवरची धूळ पुसत होत्या.

जीप जुनी, पण हाडापेरानं मजबूत. संयोगिताचं माहेर सांगलीचं, तिथं मामांची हळदीची अडत. गोदामाच्या मागं ताडपत्रीखाली ही जीप उभी असायची आणि लहानपणी तिच्या स्टिअरिंगला लोंबकळतच संयोगिता मोठी झाली. मामांना गुडघ्यांमुळं क्लच दाबवेनासा होऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा त्यांनी किल्ली भाचीच्या हातात ठेवली. "घरात चालवणारी तूच एकटी आहेस," म्हणाले. सीटला अजून हळदीचा वास येत होता.

वेळही अशी जुळून आलेली. खंडाळ्याजवळच्या त्यांच्या गावाच्या वरच्या अंगाला वाघजाईचा माळ आहे. तिथं पुढच्या रविवारी गाड्यांची स्पर्धा होती. ओढे, दगड, चिखल, घळी यांतून गाडी काढायची. चारही चाकांना जोर असलेल्या गाड्यांचंच ते काम. भरवणारा शंभूराज, संयोगिताच्या नवऱ्याचा, ऋषिराजचा, शाळेपासूनचा मित्र. पुण्या-कोल्हापूरहून, थेट बेळगावहून गाड्या येणार होत्या आणि त्या सगळ्यांत बाईचं नाव एकच होतं. सासरे मानसिंग, घरातले आबा, फौजेत गाड्याच चालवून निवृत्त झालेले. त्यांनी बाजारात ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "रविवारी माळावर या. आमची सूनबाई घळीतनं गाडी कशी खाली आणती ते बघाय."

ऋषिराज शिरवळच्या एका कारखान्यात मापं तपासायच्या खात्यात होता. केसाच्या जाडीचा फरक पडला तरी माल परत पाठवायचा, अशी नोकरी. घरात त्यावरून त्याची चेष्टा चाले, पण जीप आल्यावर वाटणी आपोआप ठरली. चालवणार संयोगिता, तपासणार ऋषिराज. खरं सांगायचं तर तोही तिच्याइतकाच उतावीळ झाला होता, फक्त त्याचा उतावीळपणा पाना घेऊन गाडीखाली जायचा.

स्पर्धेला अजून आठवडा होता आणि शनिवारी सुट्टी होती. थंडीचे दिवस, ऊन कोवळं. त्यानं जीप अंगणातल्या कोब्यावर घेतली. ज्वारी वाळवायला म्हणून आबांनी गेल्या वर्षी करून घेतलेला हा कोबा इतका सपाट, की वर पाणी ओतलं तर कुठं जावं ते पाण्याला सुचू नये. चाकांना विटा लावून तो चटई टाकून गाडीखाली शिरला. संयोगिता घमेलं, चिंध्या आणि गिअर ऑइलचा डबा घेऊन शेजारी बसली.

गिअरच्या तेलाला इंजिनासारखी मोजायची काडी नसते. प्रत्येक पेटीच्या कुशीत एक भोक असतं आणि त्याला बोल्ट. गाडी सपाट उभी करायची, बोल्ट काढायचा, करंगळी आत घालायची. तेल भोकाच्या खालच्या कडेला टेकलं असेल तर बरोबर. बोट कोरडं आलं तर कमी, बाहेर ओघळलं तर जास्त. जीपला अशी चार ठिकाणं होती. गिअरबॉक्स, त्याच्यामागं चारी चाकांना जोर वाटून देणारी पेटी, आणि पुढच्या व मागच्या आसांच्या मधोमध असलेले दोन लोखंडी गोळे. पुढच्या गोळ्याचं भोक पुढं तोंड करून, मागच्याचं मागं.

पुढचा बोल्ट सैल झाला मात्र, तेलाची जाड धार त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत आली.

"घमेलं! घमेलं सरकव!"

"अहो, एवढं तेल?" संयोगिता हसायलाच लागली.

मागं मात्र उलट. करंगळी पूर्ण आत घातली तरी कोरडी. गिअरबॉक्सचं भोक डाव्या कुशीला होतं, तिथूनही तेल ओघळलं.

"सांगलीच्या मेकॅनिकनं डोळे झाकून भरलंय," ऋषिराज म्हणाला. पुढचं जादा तेल त्यानं कडेपर्यंत वाहू दिलं, मागं पिचकारीनं नवं भरलं. भरता भरता डबा निम्मा झाला तेव्हा कुठं मागच्या भोकाशी तेल दिसलं. बोल्ट घट्ट करून तो बाहेर आला, तर संयोगिता स्टिअरिंगवर बसून तोंडानं गिअरचे आवाज काढत होती.

रविवारी सकाळी कुठं गळती आहे का, एवढंच बघायला तो परत खाली शिरला. कोब्यावर डाग नव्हता. सहज म्हणून पुढचा बोल्ट फिरवला आणि कालच्यासारखीच धार आली. मागं करंगळी घातली. कोरडी.

तो गाडीखालून बाहेर सरकला. मग आत गेला आणि गवंडीकामातली आबांची पाणसळ घेऊन आला. लाकडी पट्टी, मधे काचेची नळी, नळीतल्या पाण्यात हवेचा बुडबुडा. कोब्यावर ठेवली, बुडबुडा मधोमध. कोब्यावरच आडवी फिरवली, मधोमध. मग टेपनं जमिनीपासून जीपच्या सांगाड्याची उंची मोजली. चारही कोपरे सारखे.

आता त्यानं पाणसळ जीपच्या सांगाड्यावर ठेवली.

बुडबुडा मागच्या टोकाला पळाला आणि तिथंच चिकटून बसला. आडवी ठेवली तर उजव्या टोकाला.

"संयू," त्यानं हाक मारली, आणि आपला आवाज आपल्यालाच चढलेला ऐकू आला. "चहा घेऊन ये. पिऊ नको, नुसता घेऊन ये."

ती स्टीलचा पेला घेऊन आली. बाहेर उभी असताना चहा पेल्यात सरळ होता. त्यानं तो तिच्या हातातून घेऊन सीटवर ठेवला. दोघांच्या डोळ्यांदेखत चहा पेल्यातच कलला. एका बाजूला काठाजवळ आला, दुसऱ्या बाजूला खाली गेला आणि तसाच थांबला. पुढं आणि डावीकडं. वाफ मात्र सरळ वर जात होती.

संयोगितानं दोन्ही हात तोंडावर नेले. पुढच्या क्षणी ती लहान पोरीसारखी उड्या मारत होती. "आबा! आई! अहो, बाहेर या आधी!"

तो अख्खा दिवस असा गेला की जेवणाची आठवणही उशिरानं झाली. ऋषिराजनं एकामागून एक गोष्टी जीपमध्ये ठेवून पाहिल्या. बेअरिंगची गोळी सीटच्या फळीवर ठेवली, ती हलली नाही. दोऱ्याला वजन बांधून ओळंबा सोडला, तो सरळ. तांदळाची वाटी ठेवली, तांदूळ जागच्या जागी. पण पाणी, दूध, रॉकेल, जे जे वाहतं ते आत नेलं की तिरपं. पेला जीपच्या दारातून आत-बाहेर करताना पाण्याची पातळी झुलत होती. आत कलती, बाहेर सरळ. विजयमालाबाईंनी देवघरातली गंगेची कुपीसुद्धा आणून बघितली. तीही तिरपी.

"म्हंजी पाण्यालाच असं वाटतंय का रं," आबा म्हणाले, "का गाडी उताराला लागलीया?"

"बाकी कशाला न्हाई वाटत, आबा. फक्त पाण्याला."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. आयुष्यात बर्फातून, वाळूतून गाड्या नेलेला माणूस, पण त्यांच्या डोळ्यांत लहान पोराची चमक होती. "लय नवल," ते म्हणाले. "लय म्हंजी लयच नवल."

संयोगिता चढून चालकाच्या जागेवर बसली. डोळे मिटले. आणि तिच्या दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरलं.

"काय झालं?"

"घसरतेय मी," ती डोळे न उघडता म्हणाली. ओठांवर हसू होतं. "अहो, खरंच. नाक खाली करून उतरतेय गाडी. डावं चाक खोल आहे."

ऋषिराजला त्याचं कारण सुचलं. माणसाच्या कानात आत पाणी असतं, त्यावरून तोल कळतो. कारण सापडल्याचा त्याला आनंद झाला, आणि त्या आनंदात अंगावर आलेला काटा त्यानं थंडीच्या नावावर घातला.

सोमवारी कामावर जाण्याआधी त्यानं पेल्याच्या जागी काचेची बरणी ठेवली आणि कंपासपेटीतल्या कोनमापकानं पाण्याचा कल मोजला. संध्याकाळी परत मोजला. वाढला होता. मंगळवारी आणखी. सकाळी उठलं की दोघं चूळ भरायच्या आधी बरणी बघायला पळायचे. संयोगितानं बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. "स्पर्धा होऊ दे, मग सांगू," ती म्हणायची. "एवढं गुपित पोटात ठेवून गाडी चालवायला काय मजा येईल!" संध्याकाळी ती जीप शेताच्या वाटेनं फिरवून आणायची. जीप चढ चढली, वळणं घेतली तरी बरणीतलं पाणी आपला कल सोडत नव्हतं. बाहेर काहीही असो, पाण्याचा उतार तोच.

बुधवारी तिनं मामांना फोन लावला. आवाज बाहेर ठेवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावा.

"मामा, जीपचं तेल तुमच्याकडं असताना कधी तिरपं व्हायचं का हो?"

पलीकडं पेठेतला गलका ऐकू येत होता. मामा हसले. "तेल तिरपं? अगं, वर्षानुवर्षं जागची हललेली नाही ती. निघायच्या आदल्या दिवशी मी स्वतः उभा राहून तेल तपासून घेतलं. चारही ठिकाणी कडेला बरोबर होतं. का गं?"

"काही नाही. असंच."

"कधी पडली नाही, कधी कुणाला लागली नाही," मामा म्हणाले. "गुणी गाडी आहे."

फोन ठेवल्यावर ती विजयी मुद्रेनं वळली. "बघा. काही मागचं नाही तिच्यात."

ऋषिराजला बरं वाटायला हवं होतं. रात्री कूस बदलताना त्याच्या ध्यानात आलं, की बरं वाटलेलं नाही. मागचं काही नसेल, तर हा उतार आहे कुठला?

शुक्रवारी शंभूराजनं माळावर मार्ग आखला. चुन्याच्या रेघा, लाल फडकी, लाउडस्पीकरचे खांब. ऋषिराज अर्धी रजा टाकून पाणसळ आणि कोनमापक पिशवीत घालून गेला. शंभूराज मोठ्या कौतुकानं त्याला शेवटच्या टप्प्यापाशी घेऊन आला. "ही घळ बघ, गड्या. आजच झुडपं काढली. नंबर इथंच ठरणार. वहिनी आल्या की सगळा माळ उभा राहतोय का न्हाई बघ!"

घळ फार खोल नव्हती. मुरमाड उतार, मधे डाव्या बाजूला पावसानं कोरलेली चरी. गाडी उतरताना नाक खाली जाणार आणि डावं चाक चरीत बसणार, हे कुणालाही दिसलं असतं.

"काय करतुयास?" शंभूराजनं विचारलं.

ऋषिराज गुडघ्यावर बसून माप घेत होता. उतार उभा मोजला. आडवा मोजला. पुन्हा मोजला. सकाळी बरणीत मोजलेला कल त्याला तोंडपाठ होता, आणि घळीचा उतार त्याहून थोडा जास्त होता. पाणी अजून पोचायचं होतं.

घरी येऊन त्यानं बरणी बघितली. पोचलं होतं.

"नको चालवू," तो संयोगिताला म्हणाला.

ती भात कालवत होती. हात तसाच ताटात राहिला.

"पाणी तिथला उतार दाखवतंय. तिथलाच. मी मोजून आलोय."

"मग चांगलंच की!" तिचे डोळे लकाकले. "तिला वाट माहीत आहे. चालवायच्या आधीच मला घळ कळली, अहो. डोळे मिटून बसले की आत्ता उतरल्यासारखं वाटतं. असं कुणाला मिळतं?"

"पाणी उताराला जाऊन थांबेल असं तुला कुणी सांगितलं?"

"आणि थांबणार नाही असं तुम्हाला?"

ती उठून गेली. लग्न झाल्यापासून ती पहिल्यांदा त्याच्याशी न बोलता झोपली.

शनिवारी सकाळी ती एकटीच जीपमध्ये जाऊन बसली. ऋषिराज ओट्यावरून बघत होता. तिनं डोळे मिटले, स्टिअरिंग धरलं. नेहमीचं हसू आलं, आणि मग ते हळूहळू पुसलं गेलं. ती झटक्यानं खाली उतरली, गोठ्याच्या भिंतीला हात टेकून उभी राहिली.

"काय गं?" विजयमालाबाई धावल्या.

"डावं चाक खालीच चाललंय, आई," ती म्हणाली. "टेकत नाही ते. टेकायला पाहिजे ना कुठंतरी?"

आबांनी बरणीकडं पाहिलं. पाणी आता काठाच्या बाहेर यायच्या बेतात होतं. घळीच्या मापाच्या कितीतरी पुढं.

"सूनबाई," ते म्हणाले, "फौजेत आमाला एकच शिकवलं. गाडी बोलाय लागली की माणसानं गप बसायचं. बक्षीस पुढच्या साली बी हाय."

संयोगिताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं मान हलवली. स्वतःच शंभूराजला फोन करून नाव काढायला सांगितलं. तो हळहळला, पण दहादा विचारून शेवटी हो म्हणाला.

रविवार उजाडला तो गाड्यांच्या आवाजात. माळ घरापासून दिसत नाही, मधे उसाचे फड आहेत, पण लाउडस्पीकरचा शब्दन् शब्द ऐकू येत होता. कुणी माळावर गेलं नाही. जीप कोब्यावर उभी होती. चाकांना विटा, किल्ली आबांच्या खिशात. बरणीतलं निम्मं पाणी सीटवर सांडलं होतं, उरलेलं काचेला जवळजवळ उभं चिकटून होतं. चौघंही ओट्यावर बसले. बसवत नव्हतं. संयोगिता ओठ चावत होती, ऋषिराजच्या पायाचा ठेका थांबत नव्हता. भीती होतीच, पण खोटं कशाला बोला, जत्रेतला पाळणा वर जाताना येते तशी मजाही येत होती.

गाड्यांची नावं पुकारली जात होती. शिट्ट्या. टाळ्या. इंजिनांचा गुरगुराट. मग पुढचं नाव.

आणि मग, अगदी स्पष्ट, "आता येतायत आपल्याच गावच्या सूनबाई, संयोगिताताई!"

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"काढलं न्हवतं का नाव?" आबा म्हणाले.

माळावर टाळ्यांचा पाऊस पडला. शिट्ट्या झाल्या. एक इंजिन रेटलं गेलं, आणि ऋषिराजला त्या इंजिनाचा आवाज ओळखू आला. आठवडाभर तो रोज ऐकत होता.

अंगणातली जीप गप्प उभी होती.

बरणीतलं पाणी काचेवरून चढू लागलं.

काठ ओलांडला. खाली सांडलं नाही.

ते वर गेलं. सावकाश, गठ्ठ्यानं, जसं काही कुणी बरणी उपडी केली असावी. वरच्या ताडपत्रीच्या हूडवर ते पडलं. पडल्याचा आवाज आला.

मग बॉनेटच्या फटींतून रेडिएटरचं हिरवट पाणी वर उडालं आणि बॉनेटच्या हद्दीबाहेर गेल्यावर पावसासारखं खाली आलं.

गाडीच्या पोटातून तेल निघालं. काळं, जाड. फळीच्या सांध्यांतून उलटं झिरपत वर आलं. सीटवर, स्टिअरिंगवर, हूडवर.

जीप तसूभर हलली नाही. चाकांच्या विटा जागच्या जागी.

माळावर सगळी माणसं एकदम ओरडली. "अगंऽऽ!"

नंतर काहीच नाही. लाउडस्पीकरची खरखर तेवढी.

किती वेळ गेला कोण जाणे. हूडवरचं तेल-पाणी एकाएकी सुटलं आणि धो धो करत खाली, सीटवर पडलं. चालकाची सीट काळी झाली.

पहिली हलली ती संयोगिता. ती उठली, जीपपाशी गेली आणि आत डोकावून उभी राहिली. मग वळून ऋषिराजच्या गळ्यात पडली आणि हसायला लागली. रडत हसायला. आबा "जय भवानी!" म्हणून ओरडले. विजयमालाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, सुनेवरून आधी, मग जीपवरून. ऋषिराजनं पाणसळ सांगाड्यावर ठेवली.

बुडबुडा मधोमध.

वाचलो, एवढंच त्याच्या मनात होतं. काय होतं, कशातून, हे विचारायला छातीत जागाच नव्हती.

दुपारी शंभूराज गुलाल माखलेल्या कपाळानं आला. "तुमी आला न्हाई, लय चुकलं," म्हणाला. "एकदम झकास झालं."

"घळीत कुणाला लागलं?" ऋषिराजनं विचारलं.

"घळीत? छे. सगळ्या सुखरूप उतरल्या. बेळगावची तर गाणं लावून उतरली."

"लोक ओरडली ती?"

"कवा?" शंभूराज त्याच्याकडं बघत राहिला.

"हिचं नाव पुकारलं तवा."

"वहिनीचं? न्हाई रं. काल सांगितलं तसं मी माझ्या हातानं काढलं. पुकारणाराच मी होतो."

त्याला चहा दिला. तो गेल्यावर त्या घरात कुणाला वाईट वाटलं नाही. संकट टळलं होतं. कुठल्या वाटेनं टळलं ते देवाला ठाऊक. ऋषिराजनं जीप धुऊन काढली, चारही ठिकाणी नवं तेल घातलं. रोज बोल्ट काढून बघितलं. तेल प्रत्येक भोकाच्या कडेला, जिथं असायला हवं तिथं. त्याच्या आयुष्यात इतकी बरोबर मापं त्यानं कधी घेतली नव्हती.

जीप मामांना एकदा दाखवून यावी असं संयोगिताच्या मनात आलं. दिवस बघून दोघं सांगलीला निघाली. हायवेला ती चालवत होती, खिडकी उघडी, गाणी मोठ्यानं. कराडच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांना मागं टाकताना ती ओरडत होती आणि ऋषिराज दाराला धरून हसत होता. असा मोकळा दिवस बऱ्याच दिवसांनी आला होता.

मामांनी पेठेतून लवकर घरी येऊन वाट बघितली होती. जेवणं झाली. दुपारच्या उन्हात मागच्या पडवीत सगळे बसले आणि संयोगितानं सगळी हकीकत सांगितली. चहाचा पेला, गंगेची कुपी, वर पडलेलं पाणी. मामा आधी थक्क झाले, मग त्यांना तिच्या लहानपणीची गोष्ट आठवली. एकदा ती जीपचा ब्रेक सोडून हळदीच्या ढिगात गेली होती आणि पिवळीधमक होऊन बाहेर आली होती. आजीनं लग्नाआधीच हळद लागली म्हणून केवढा दंगा केला होता! मामा आजीची नक्कल करायला लागले.

संयोगिता हसत सुटली. पाठ भिंतीला टेकून, मान सरळ, दोन्ही हात पोटाला. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ऋषिराज समोरच बसला होता. तोही हसत होता.

तिच्या उजव्या डोळ्यातून थेंब निघाला. तो गालावर खाली आला नाही. नाकाच्या दांड्यावर चढला, पलीकडं उतरला आणि डाव्या गालावरून आडवा, सावकाश, डाव्या कानाकडं निघाला.

"पुरे हो, मामा," ती धापा टाकत म्हणाली, आणि सवयीनं तिनं उजवा गाल पुसला.